पट्टा संपतो तेव्हा

टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून वर या आणि मागे वळून पाहा. १८६० चं दशक नुकतंच सुरू झालंय. आज एशियाटिकच्या ज्या पायऱ्यांवर संध्याकाळी मुलंमुली बसलेली असतात, त्याच या. समोर हॉर्निमन सर्कलची झाडं मात्र नाहीत. धुळीनं भरलेलं उघडं मैदान आहे, बॉम्बे ग्रीन. इथे पूर्वी कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. कापूस कुलाब्याला गेला, मागे कचरा राहिला. पोलिस आणि नगरपालिका असे दोन्ही कारभार पाहणाऱ्या चार्ल्स फोर्जेट यांच्या डोक्यात कल्पना आली: ही जागा शहरानं सरकारकडून विकत घ्यायची, मध्ये गोल बाग ठेवायची आणि भोवतीचे भूखंड व्यापारी कंपन्यांना विकायचे.

तसंच झालं आणि नगरपालिकेला घसघशीत नफा झाला. १८७२ पर्यंत बागेभोवतीचं इमारतींचं कडंही पुरं झालं. आजही त्या कमानींखालून चालताना मन प्रसन्न होतं, ते श्रेय त्या लोकांना द्यायलाच हवं. सार्वजनिक जमिनीचा व्यवहार नीट योजला तर शहराला काय मिळतं, याचा हा मुंबईतला एक चोख नमुना आहे. फक्त एक गोष्ट मनात ठेवा, नफा एकदाच झाला. पुढच्या दीडशे वर्षांत त्या जमिनीचं मोल किती पटींनी वाढलं, त्यात नगरपालिकेचा वाटा उरला तो करापुरता.

१८६५ कडे झटकन जाऊ. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आहे आणि बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचा शेअर मिळावा म्हणून लोक जीव टाकतायत. जमीन अजून पाण्याखालीच आहे. यादवी संपते, कापूस कोसळतो, त्याच्यामागोमाग शेअरबाजार, बँका आणि कंपन्या कोसळतात. न जन्मलेल्या जमिनीवर आधीच पैसे उचलायची ही सवय मुंबई पुन्हा एकदा दाखवणार आहे. ते पुढे.

सप्टेंबर १८९६. मांडवीतल्या एका अंधाऱ्या खोलीच्या दारात तुम्ही डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या मागे उभे आहात. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर वाकून रोग्याच्या जांघेतली गाठ पाहतायत. हा प्लेग आहे, असं ते स्पष्ट सांगतात. शहरातल्या अनेकांना ते ऐकायचं नाही. खोलीला खिडकी नाही, गटार दाराशी आहे, वरच्या मजल्यावर अशाच खोल्या आणि त्यांत अशीच माणसं. काही महिन्यांत मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडतील, गिरण्यांना कामगार मिळेनासे होतील.

या भीतीतून डिसेंबर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होतो. सार्वजनिक जमिनीचं नियोजन म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या ट्रस्टपाशी थोडं थांबायला हवं. सरकार आणि महापालिका आपल्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या हवाली करतात. ट्रस्ट कर्जरोखे काढतो, दाट वस्त्या ताब्यात घेतो, त्या पाडून समुद्राचा वारा आत येईल असे रस्ते फोडतो. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांचा जन्म त्यातला. रस्त्याकडेचे नवे भूखंड ट्रस्ट विकत नाही, भाडेपट्ट्यानं देतो. त्या भाड्यातून कर्ज फिटावं असा हिशेब.

हिशेबात एक माणूस बसला नाही, तो म्हणजे ज्याची खोली पाडली तो. ट्रस्टनं चाळी बांधल्या, पण पाडलेल्या खोल्यांची भरपाई त्यांतून झाली नाही. नव्या रस्त्यावरचं भाडं परवडत नाही म्हणून तो शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोलीत शिरला. प्लेग हटवायला निघालेल्या योजनेनं गर्दी एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत ठेवली. ट्रस्टची किती स्तुती करायची याला इथे मर्यादा पडते आणि ती पडायलाच हवी.

आता उत्तरेला चला. दादर-माटुंग्याला अजून भातखाचरं आहेत, मोजणीदार साखळी ओढतायत. १९२० च्या आसपास इथे पाच बागा आखल्या जातायत, किंग्ज सर्कलला रस्ते येऊन मिळतायत. ट्रस्टमध्येच काम करणारे इंजिनिअर मंचेरजी जोशी आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतात, त्याचीच पुढे पारशी कॉलनी होते. तळमजल्यावर दोनच मजले, दोन इमारतींमध्ये मोकळी हवा, रस्त्याच्या कडेला झाडं.

ट्रस्टच्या कचेरीत बसून अशा एखाद्या भाडेपट्ट्याचा दस्त वाचा. जाड कागद आहे, शाई तपकिरी पडत चालली आहे. भूखंडाचा नंबर, चतुःसीमा, वर्षाचं भुईभाडं. अमुक तारखेच्या आत बांधकाम पुरं करायचं. मंजूर नकाशाबाहेर भिंत घालायची नाही. परवानगीशिवाय पट्टा दुसऱ्याच्या नावावर करायचा नाही. अटी मोडल्या तर जमीन परत. दादर-माटुंग्याचा जो मोकळेपणा आपल्याला आवडतो तो कुठल्या सरकारी फतव्यातून आलेला नाही. जमिनीचा मालक शहर होता आणि मालक म्हणून त्याला अट घालता आली, म्हणून तो आला. विकून टाकलेल्या जमिनीवर एवढं चाललं नसतं.

मुदतीचा रकाना पाहा. मुंबईत कुठे ९९ वर्षं, कुठे थेट ९९९. आणि बहुतेक जुन्या पट्ट्यांत भुईभाडं ठरलं ते ठरलं, मध्ये कधी वाढवायचं त्याची सोय नाही. त्या वेळच्या कारकुनाला शंभर वर्षांनंतरचा माटुंगा कसा दिसणार? पण त्याच्या वरच्यांनी दर दहा-वीस वर्षांनी फेरआकारणीची एक ओळ घालायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. ती ओळ नसल्यानं जमीन कागदावर शहराची राहिली आणि तिचं वाढलेलं मोल दुसऱ्यांच्या पदरात पडत गेलं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि हे दस्त महापालिकेकडे आले. त्यांची देखभाल करायची जबाबदारीही आली.

मधल्या काळात सरकार पुन्हा समुद्राकडे वळलं होतं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेतून ११४५ एकर काढायचे, भूखंड विकून खर्च भागवायचा, असा बेत होता. गाळ अंदाजाप्रमाणे निघाला नाही, खर्च फुगला, जमिनीचे भाव बसले. वकील खुर्शेद नरीमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. जेवढी जमीन निघाली तिच्यावर पुढे मरीन ड्राइव्हच्या इमारती पट्ट्यानं उभ्या राहिल्या. त्या देखण्या आहेत म्हणून हिशेब बरोबर होता असं होत नाही. शहरानं जमिनीच्या उद्याच्या भावावर आज कर्ज काढलं की ते जुगाराला बसलेलं असतं, मग योजना कितीही सुंदर असो.

खाडी ओलांडून बेलापूरला या. १९७० चं दशक आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेली नवी मुंबईची कल्पना आता सरकारची झाली आहे. हे शहर उभारायला १७ मार्च १९७० ला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. शिरीष पटेलांचा आर्थिक विचार मुळात साधा आहे: शेतीच्या भावानं जमीन एकत्र घ्या, रस्ते-पाणी-वीज द्या, मग तिचे भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्यानं द्या. वाढलेला भाव बिल्डरच्या खिशात न जाता शहर बांधायच्या कामी यावा. गरिबांच्या घरांच्या जमिनीला कमी दर, व्यापारी भूखंडाला चढा दर. मुंबईत जे अनर्जित उत्पन्न खासगी हातांत गेलं, ते इथे शहराला मिळणार. कागदावर याच्याइतकी न्याय्य योजना मुंबई परिसरात दुसरी झालेली नाही.

पण तुम्ही बेलापूरच्या चावडीवर उभे आहात आणि भिंतीवर भूसंपादनाची नोटीस डकवली आहे. आगरी शेतकऱ्याच्या हातात सातबाऱ्याचा उतारा आहे, बांधाच्या आत भात, बांधाच्या बाहेर खाडी आणि मिठागरं. त्याला मिळणारा भाव शेतीचा आहे. त्याच्या जमिनीवर उभं राहणारं शहर मात्र शहराच्या भावानं विकलं जाणार आहे. योजनेचा नफा नेमका या फरकातून येतो आणि ज्याच्यापासून हा फरक काढला त्याला त्यात वाटा नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आजी तुम्हाला विचारतात, ‘आमची जमीन घेऊन आमालाच विकनार का?’ या प्रश्नाला सिडकोच्या आराखड्यात तेव्हा उत्तर नव्हतं.

जानेवारी १९८४, उरणजवळ जासई. रस्त्यावर बायका आहेत, पोरं आहेत, डोक्याला मुंडासं बांधलेले पुरुष आहेत, पुढे जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील. गोळीबार होतो. या आंदोलनात पाच माणसं जातात. रस्त्यात पडलेल्या चपलांमधून तुम्हाला चालावं लागतंय. नियोजनाच्या कुठल्याही पुस्तकात ही किंमत खर्चाच्या बाजूला लिहिलेली सापडत नाही, आणि ती लिहिली पाहिजे.

यातून आलं साडेबारा टक्के. १९९० मध्ये सरकारनं ठरवलं की संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत द्यायचा. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के कापले गेले, हातात ८.७५ आले, तेही कित्येकांना वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर. तरीही तत्त्व मोलाचं होतं. जमीन गेलेल्या माणसाला तिच्या वाढलेल्या मोलात भागीदार करायचं, हे देशाला नवी मुंबईच्या शेतकऱ्यांनी शिकवलं. ते पहिल्या नोटिशीतच असतं तर जासईला गोळी चालली नसती, असं मला वाटतं.

वांद्रे-कुर्ला संकुल आपण न थांबता ओलांडू. मिठी नदीच्या दलदलीवर महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, भराव घातला, ८० वर्षांच्या पट्ट्यानं भूखंड दिले, त्या पैशांवर मोठी कामं उभी केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी आपली जुनी जागा शोधत घरांत शिरलं. काही जमीन कितीही भाव आला तरी विकायची किंवा पट्ट्यानं द्यायची नसते, आणि कुठली ते लिलावाच्या आधी ठरवायचं असतं.

१ जून २०१३. महालक्ष्मी रेसकोर्सचा १९१४ पासूनचा पट्टा काल संपला. सुमारे २११ एकर, शहराच्या ऐन मध्यात. ही तारीख कितीतरी वर्षं आधीपासून ठाऊक होती, तरी निर्णय तयार नाही. घोडे नेहमीसारखे धावतायत, सकाळी फिरायला येणारे फिरतायत. अशी अकरा वर्षं जातात. मग २०२४ मध्ये ठरतं की १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबला २०५३ पर्यंत. उद्यान मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण पट्ट्याचा शेवट हा शहराच्या हातातला सर्वांत बळकट क्षण असतो. त्या दिवशी आराखडा टेबलावर हवा, भाड्याचा नवा हिशेब हवा, लोकांशी झालेली चर्चा हवी. राज्य सरकारनं डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या पट्ट्यांचं भाडं रेडी रेकनरच्या दराशी जोडलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पट्टेदारांना धक्का बसला आणि ते कोर्टात गेले. दर दहा वर्षांनी थोडं थोडं वाढलं असतं तर हा धक्का बसायचं कारणच नव्हतं. घरात राहणारं निवृत्त जोडपं आणि तळमजल्यावरचं मोठं दुकान, दोघांना एकच दर लावायचा का, हेही शांतपणे ठरवता आलं असतं.

आता आपण आजच्या दिवशी परत आलो आहोत आणि तुमच्याकडे करायला काम आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक जमिनींच्या पट्ट्यांची माहिती खरं तर कुणी न मागता जाहीर व्हायला हवी. होत नसेल तर साधा कागद घ्या, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आपल्या महापालिकेच्या मालमत्ता विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहा. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठेही असा. आपल्या वॉर्डात महापालिकेच्या मालकीचे भूखंड किती, कुणाला, किती वर्षांच्या पट्ट्यानं दिलेत ते विचारा. वर्षाचं भाडं किती, शेवटचं कधी वाढवलं ते विचारा. पुढच्या दहा वर्षांत कोणते पट्टे संपतायत आणि त्या प्रत्येक जागेचं काय करायचं याचा प्रस्ताव तयार आहे का, असल्यास त्याची प्रत द्यावी, हा मुद्दा सर्वांत शेवटी लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.