दरवाजे शाबूत, नदी गायब

मी इस्फहानला गेलेलो नाही. पण एकदा रात्री ऑफिसचं काम आटोपल्यावर गूगल अर्थवर तिथला खाजू पूल शोधला आणि जुनी उपग्रहचित्रं मागेपुढे सरकवत बसलो. कुठल्या चित्रात पुलाखाली हिरवट पाणी, तर कुठल्या चित्रात नुसती माती.

‘पूल’ आणि ‘दरवाजा’ हे आपले दोन्ही शब्द फारसीतून आलेले. खाजूमध्ये ते एकाच वास्तूत भेटतात. दुसऱ्या शाह अब्बासने 1650 च्या सुमारास इराणमधल्या जायंदेरूद नदीवर हा पूल बांधून घेतला. लांबी साधारण 133 मीटर, रुंदी 12 मीटर. वरून माणसं आणि जनावरं जाणार, म्हणून पूल. खाली दगडी पायांमध्ये पाण्यासाठी अरुंद वाटा. त्या फळ्या लावून बंद केल्या की तोच बंधारा. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर बरगे घालतात, साधारण तीच युक्ती. मागे पाणी चढायचं आणि काठावरच्या बागांना मिळायचं. पुढच्या बाजूला दगडी पायऱ्या. लोक आजही तिथे येऊन बसतात, संध्याकाळी कमानींखाली गातात.

माझ्यातला इंजिनियर इथवर खूश होता. पण दरवाजा फक्त आलेल्या पाण्याचं काय करायचं ते ठरवतो. मुळात पाणी किती येणार, ते वर ठरतं. हे सफवींनाही ठाऊक होतं. पहिल्या शाह अब्बासने डोंगर फोडून कारूनच्या खोऱ्यातलं पाणी इकडे वळवायचा प्रयत्न केला, तो फसला. 1950 च्या दशकात बोगद्याने ते जमलं. 1970 च्या सुमारास वरच्या अंगाला मोठं धरण झालं. नदीची किल्ली खाजूपासून शंभरेक किलोमीटर दूर गेली. पुढे दुष्काळ, वाढती शहरं, कारखाने आणि यज्दकडे जाणारी पाइपलाइन. गेल्या वीसेक वर्षांत शहरातलं पात्र महिनोन् महिने कोरडं राहू लागलं.

नोव्हेंबर 2021 मध्ये शेतकऱ्यांनी खाजूजवळच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकले. मागणी एकच, आमच्या वाट्याचं पाणी सोडा. हजारो शहरवासी त्यांच्यासोबत उभे राहिले. शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून हुसकावलं.

आमच्या गावी बरगे कधी घालायचे यावरून दरवर्षी भांडण होतं. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, निदान भांडणाऱ्यांच्या समोर पाणी असतं आणि बरगे घालणारा माणूसही.