आटलेला पान्हा

तिरोड्याच्या पंचक्रोशीत रोवणीचे दिवस आले म्हणजे तान्हे मूल आजीच्या स्वाधीन करून आई बांधीत उतरते. दिवसभर मूल डब्याच्या दुधावर राहते. पुढे आईचे दूध कमी होते आणि शेजारणी निकाल देतात, "बाई, तुझा पान्हा आटला." हा निकाल अखेरचा समजावा काय? इतिहास ‘नाही’ म्हणतो, आणि तेवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

सुश्रुतसंहितेने दूध नाहीसे होण्याची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांची नावे घेतली आहेत. उपायांत आईचे मन प्रसन्न ठेवण्याला मान दिला असून गहू, साळीचा भात, लसूण, शतावरी हे पदार्थही सांगितले आहेत. गेलेले दूध परत आणता येते, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मग ती विसरली कशी? 1867 साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी बालकांसाठी पिठी काढली. पुढे डबा, बाटली आणि जाहिरात जगभर पोचली. 1939 साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी अशा दुधापायी होणाऱ्या बालमृत्यूंना भर सभेत खून म्हटले. 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीसाठी आचारसंहिता केली, आणि भारताने 1992 साली कायदा करून 2003 साली तो अधिक कडक केला. जाहिरात थांबली, पण आईच्या मनात शिरलेली शंका कायद्याने जात नाही.

तिला शास्त्राचे उत्तर आहे. स्तन हे साठवणीचे तळे नव्हे, तो झरा आहे. उपसा होईल तसे पाणी येते. मूल चोखू लागले की मेंदूतून प्रोलॅक्टिन हा स्राव सुटतो आणि दूध तयार होऊ लागते. 1993 साली दावणगेऱ्याच्या डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या मातांचा या बाबतीतील अनुभव प्रसिद्ध केला. 1998 साली जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

रीत साधी, पण चिकाटीची आहे. बाटली दूर ठेवावी. मूल उघड्या अंगाशी धरून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. ते चोखताना वरचे दूध थेंबथेंब स्तनावर सोडावे, म्हणजे मूल कंटाळत नाही. डब्याचे दूध मात्र एकदम तोडू नये. मुलाचे वजन आणि लघवी पाहत, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करावे. कुणाला काही दिवस लागतात, कुणाला काही आठवडे. कुणाचे दूध पुरते येते, कुणाचे थोडे. थोडेही मोलाचेच.

पण रात्रभर मूल अंगाशी धरणाऱ्या बाईने सकाळी रोवणीला जावे कसे? येथे प्रश्न आईचा राहत नाही, घराचा होतो. सासूने चूल सांभाळावी, नवऱ्याने पाणी भरावे आणि शेजारणींनी निकाल देणे थांबवावे. आईचे मन प्रसन्न ठेवा, याचा आजचा अर्थ आम्ही तरी हाच समजतो.