गुण, लक्षणे आणि गुणांक

व्यक्तिमत्त्वमापनाच्या आधुनिक उद्योगाची एक मोठी शाखा शब्दकोशात उगम पावली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. १८८४ साली फ्रान्सिस गाल्टन याने रॉजेटच्या पर्यायकोशाची पाने चाळून स्वभाववाचक इंग्रजी शब्द किमान हजारभर असावेत, असा अंदाज बांधला. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या बृहत्कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले आणि त्यांचे चार स्तंभ केले. स्थिर गुणांचे निदर्शक म्हणून पहिल्या स्तंभात ४,५०४ शब्द बसले. तिसरा स्तंभ सर्वांत मोठा, ५,२२६ शब्दांचा. तो निंदा-स्तुतीचा, म्हणजे सामाजिक मूल्यनिर्णयाचा होता. पुढे कॅटेलने पहिला स्तंभ पायाभूत मानला, शब्दांचे गट पाडत ते मोजके केले आणि १९४९ मध्ये सोळा घटकांची प्रश्नावली सिद्ध केली. ट्युप्स आणि क्रिस्टल यांना १९६१ मध्ये पाच घटक पुन्हा पुन्हा आढळले. तिसरा स्तंभ मात्र बाजूला पडला.

जुन्या परंपरा याच्या नेमक्या उलट दिशेने चालत होत्या. थिओफ्रास्टसच्या तीस स्वभावचित्रांत गुणाच्या नावाला फारसे वजन नाही. आरंभीच्या व्याख्या मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. उरते ती कृती: त्याचा खुशामती इसम समोरच्याच्या वस्त्रावरचा धागा उचलतो, आणि तेवढ्याने तो ओळखू येतो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. तेथेही लक्षण म्हणजे वर्तन. शिवाय ही लक्षणे त्यागासाठी सांगितली आहेत, असे रामदास स्पष्ट करतात. श्रोत्याने त्यांत स्वतःला शोधावे, अशी ही योजना आहे. (पढतमूर्खाचा समास वाचताना प्राध्यापकवर्गाला विशेष श्रम पडत नाहीत.) आधुनिक प्रश्नावलीतही माणूस स्वतःविषयीच सांगतो, पण निष्कर्ष दुसरा काढतो, आणि तो बहुधा नेमणुकीच्या किंवा उपचाराच्या कामी येतो.

मूल्यनिर्णय वगळल्याने वर्णन निर्मळ होते, ही समजूत मला भाबडी वाटते. तिच्यामागची चिंता मात्र खरी आहे, आणि ती मराठीत अधिकच जाणवते. ‘गावंढळ’ हा शब्द खेड्याकडे पाहणाऱ्या नागर नजरेने घडवला आहे. ‘बाजारबुणगे’ म्हणजे सैन्यामागून चालणारा बिनलढाऊ लवाजमा. त्यांच्या कष्टांवर छावणी चालत असे, तरी शब्दात उरली ती हेटाळणी. यांहून अधिक बोलका शब्द ‘मानभावी’. तेराव्या शतकात चक्रधरांनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाच्या नावाचा हा अपभ्रंश. तोच पुढे ढोंगीपणाचे विशेषण झाला आणि पंथाविषयीचा आकस स्वभावाच्या शब्दसंग्रहात जाऊन बसला. शब्द वापरणाऱ्याला आज त्याची जाणीवही नसते. उद्या कोणी मराठी कोशातून स्वभावशब्द वेचून मापनपट्टी तयार केली, तर एका समाजावर झालेला हा अन्याय ‘लोकांच्या भाषेचा पुरावा’ म्हणून आकडेवारीत उतरेल. आणि सावध संशोधकाने शब्द तिसऱ्या स्तंभात टाकून वगळला, तर अन्यायाचा पुरावाही त्याच्याबरोबर नाहीसा होईल. त्या स्तंभाचे वाचन म्हणूनच मानसशास्त्रज्ञावर सोपवून चालणार नाही. ते भाषेच्या आणि साहित्याच्या इतिहासकाराचे काम आहे.

विपर्यास असा की, ज्या पंथाचे नाव विशेषण झाले त्याच्याच लीळाचरित्रात माणसे विशेषणांनी क्वचितच बांधली जातात. म्हाइंभटांच्या गद्यात कोणी प्रश्न विचारतो, कोणी रुसतो, कोणी चुकतो, आणि तेवढ्या प्रसंगापुरता तो समोर उभा राहतो. पुढच्या लीळेत तोच मनुष्य निराळा दिसला, तरी कथन त्याबद्दल कोणताही खुलासा करीत नाही.