किल्ली कोणाकडे? विहार, पडदा आणि परदेशी सिनेमा

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक भग्न शिल्प आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक छोटी नोंद कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. पावसाळ्यात धबधबा बघायला आलेले शेकडो लोक तिच्या जवळून जातात, तिच्याकडे कोणी पाहत नाही. लेण्यांत सहसा दान देणाऱ्याचे नाव सापडते, इथे काम करणाऱ्याचे सापडते. नव्या पोरांना लेण्यांवर घेऊन जातो तेव्हा आम्ही या ओळीपाशी मुद्दाम थांबतो. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात माणसे एकत्र बसावीत म्हणून एक दालन कोरले गेले आणि ते कोरणाऱ्याला आपले नाव लिहावेसे वाटले. आमच्या दृष्टीने आपल्या सांस्कृतिक इतिहासाची सुरुवात इथून होते.

हे आठवायला कारण घडले. गेल्या वर्षावासात, ग्रंथवाचन संपल्यानंतरच्या शनिवारी, आम्ही आमच्या विहारात सिनेमा दाखवायचे ठरवले. सिनेमा आफ्रिकेतला, सेनेगल देशाचा. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले, "वर्षावासात विहारात परदेशी पिक्चर कशाला? बाबासाहेबांचा लावा, बुद्धांचा लावा." त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. या माणसाने तरुणपणी नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण त्यानंतर दोन आठवडे किल्ली काही मिळेना. कधी ती घरी राहिलेली असायची, कधी ते गावाला गेलेले असायचे. शेवटी ती मिळाली आणि सिनेमा झाला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याकडून राहिले होते. ते इतिहासातूनच द्यावे लागेल.

आपली चळवळ सभागृहात जन्मली, हे आपण विसरतो. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बैठक बोलावली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, आणि तिच्यातून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. हा हॉल सोशल सर्व्हिस लीगचा. गिरणगावातल्या कामगारांची नाटके तिथे व्हायची. म्हणजे दिवसा सभा आणि रात्री नाटक हे एकाच छपराखाली चालत होते आणि त्यात कोणाला विटाळ वाटत नव्हता. अलीकडे तेच दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा कलावंत रस्त्यावर आले. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, बुद्धभूषण प्रेसही त्यातच गेली. तेव्हा आपणही लाखोंनी रस्त्यावर आलो. वास्तू पाडली की आपल्याला राग येतो. ती उभी असताना वर्षातले तीनशे दिवस कुलूपबंद असते, त्याचा येत नाही.

हॉल मिळाला नाही तेव्हा आपल्या माणसांनी मोकळ्या मैदानालाच हॉल केले. सत्यशोधकी जलसे आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे असेच उभे राहिले. साचा तमाशाचा, लोकांच्या ओळखीचा, आशय मात्र नवा. गॅसबत्तीच्या उजेडात, तिकीट न लावता, न वाचता येणाऱ्या माणसाला त्यांनी महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रह समजावला. जलसा ही त्या काळातली सर्वांत आधुनिक प्रचारयंत्रणा होती, असे आमचे ठाम मत आहे. तिच्या अंगी एक गुण होता, ज्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही: जलसा संपल्यावर लोक उठून जात नसत. बोलत बसत.

आता सिनेमाकडे. २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटलीचा सिनेमा तिथे दाखवला गेला. सायकल चोरीला गेलेल्या मजुराची ती गोष्ट. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला आणि त्यावरची त्या सिनेमाची छाया सगळ्यांनी मान्य केली. त्याच जानेवारीत त्याच मुंबईत लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि आम्हाला खटकते ते नेमके हेच. एकाच शहरात, एकाच महिन्यात गरीब माणसाच्या गोष्टीला टाळ्या पडत होत्या आणि गरीब माणसाचा नेता मतपेटीत हरत होता. टाळ्या वाजवणारे बहुधा वेगळ्या मोहल्ल्यातले होते.

फिल्म सोसायट्यांचा इतिहास त्याच मोहल्ल्याचा आहे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचे फेडरेशन झाले, आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. प्रभातचे ऋण आम्ही मानतो. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाचा सिनेमा मराठीत समजावून सांगितला, 'वास्तव रूपवाणी'सारखे नियतकालिक चालवले. आज आम्ही चित्रपटावर मराठीत चार वाक्ये बोलतो, त्यातले अर्धे शब्द त्यांनी रुळवलेले आहेत.

पण रचना बघा. सोसायटीचे खेळ फक्त सभासदांसाठी, कारण सेन्सॉरची सूट त्याच अटीवर मिळायची. सभासद व्हायचे तर वर्गणी भरायची. सबटायटल इंग्रजीत. (न कापलेला परदेशी सिनेमा म्हणून वेगळ्याच आशेने वर्गणी भरणारेही होते, हे त्या पिढीतले लोक हसत हसत सांगतात.) खेळ संध्याकाळचा, शहराच्या मध्यात. कर्जतहून सीएसएमटी १०० किलोमीटर, जाता-येता चार तास लोकलमध्ये. साडेनऊला सिनेमा संपला की चर्चा ऐकत थांबायचे की गाडी गाठायची? दाराला कोणी जातीची पाटी लावली नव्हती. तशी गरजही नव्हती. वर्गणी, भाषा आणि गाडीचे वेळापत्रक या तिघांनी मिळून तेच काम चोख केले.

याला पर्याय नव्हता असे कोणी म्हणेल. पर्याय होता. कर्नाटकात सागर तालुक्यातल्या हेग्गोडू या छोट्या गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासमने १९७३ मध्ये चित्रसमाज काढला आणि गावकऱ्यांना जगातले उत्तम सिनेमे दाखवले. सुब्बण्णांनी सिनेमावरची पुस्तके कन्नडमध्ये आणली. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या माणसाला 'असले' सिनेमे कळत नाहीत, हा समज तिथेच निकालात निघाला. अर्थात हेग्गोडू हा सुपारीच्या बागांचा मुलूख, तिथल्या पुढाकारामागे जमीन होती, शिक्षण होते. आमच्या वाडीची तुलना त्याच्याशी सरळ करता येत नाही. केरळचे उदाहरण आम्हाला जास्त जवळचे वाटते. जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा गटाने गावोगाव सिनेमे दाखवून, लोकांपुढे झोळी फिरवून पैसे जमवले आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' बनवला. नंतर तो त्याच लोकांना दाखवला. वर्गणीची पावती फाडणारा भीमजयंतीचा कार्यकर्ता हे गणित एका मिनिटात समजेल.

आपल्याकडे पडदा वस्तीत यायला वेळ लागला. २००४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. तिथेही हॉल हाताशी होता म्हणून ते जमले.

पण आपल्या दृष्टीने खरी तारीख २०१२ ची. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा माहितीपट त्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवले. हे घोगरे पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते. चौदा वर्षे चित्रित केलेली ही फिल्म ज्यांच्याबद्दल होती, त्यांच्यात गेली. एवढी लांब फिल्म चाळीत कोण बघणार, असे म्हणणाऱ्यांना रात्रभर जलसा ऐकणाऱ्या माणसांची ओळख नव्हती.

त्यानंतर 'फँड्री' आला, 'कोर्ट' आला. 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार नागपूरचे, आपल्या चळवळीतले. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला. १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने वीरा गेले. त्यांचे फोटो आम्ही सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. आपल्या किती विहारांत 'कोर्ट' दाखवला गेला, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला आणि मान खाली घातली.

मग आपलेच सिनेमे पुरेत, परदेशी कशाला? ज्येष्ठांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आपला प्रश्न जगापुढे कसा मांडावा, हे ते दुसऱ्या दडपलेल्या समाजाकडून समजून घेत होते. १९७२ मध्ये पँथरने नाव घेतले तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. परदेशाकडे बघणे हा आपल्या चळवळीचा जुना संस्कार आहे. आपण फक्त आपल्यावरचेच सिनेमे बघावेत हा आग्रह आम्हाला धोक्याचा वाटतो. जगाबद्दल बोलायचे ते प्रस्थापितांनी, आणि आपण आपली दुःखे सांगायची, अशी वाटणी त्यातून आपोआप होते.

आम्ही निवडलेला सिनेमा उस्मान सेम्बेन यांचा 'मंडाबी', १९६८ चा. सेम्बेन १९२३ मध्ये जन्मले, फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात हमाली केली, कामगार संघटनेत घडले, कादंबऱ्या लिहिल्या. पण आपल्या लोकांना वाचता येत नाही आणि पुस्तके फ्रेंचमध्ये, हे ध्यानात आल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला सिनेमा शिकायला गेले. सिनेमा म्हणजे रात्रशाळा, असे ते मानत. 'मंडाबी' त्यांनी वोलोफ या लोकांच्या भाषेत काढला. मंडाबी म्हणजे मनीऑर्डर. गोष्ट साधी: पॅरिसमध्ये झाडू मारणारा पुतण्या काकाला मनीऑर्डर पाठवतो. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्मदाखला, जन्मदाखल्यासाठी जन्मतारीख, शिवाय फोटो, शिवाय तिकीट. पैसे यायच्या आधी उधारी वाढते आणि शेवटी एक शिकलेला नातलगच ते पैसे लाटतो.

पावसात वीटभट्ट्या बंद असल्याने वाडीतली कातकरी कुटुंबे घरी होती, तीही आली. इंग्रजी सबटायटल कोण वाचणार? आमच्यातला एकजण पडद्याशेजारी माइक घेऊन बसला आणि मराठीत सांगत गेला. जपानमध्ये मूकपटांच्या काळात असे सांगणारे असत, त्यांना बेन्शी म्हणत, त्यांच्या नावावर गर्दी जमायची. आपल्याला लांब जायची गरज नाही, आपल्याकडे शाहीर आहेत. अर्ध्या तासानंतर आमच्या माणसाला फार बोलावे लागले नाही. पोस्टातल्या खिडकीचा प्रसंग आला तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "आता उद्या या म्हणेल बघ." पडद्यावरच्या कारकुनाने जवळजवळ तेच केले आणि सगळा विहार हसला.

मध्येच वीज गेली, चाळीस मिनिटे अंधार. कोणी उठले नाही. त्या अंधारात जी चर्चा झाली ती आम्ही घेतलेल्या कोणत्याही शिबिरात झालेली नाही. जातीचा दाखला, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा, रेशनला न जुळणारा अंगठा, बँकेतली केवायसी. कोणाचे काम कुठे अडले आहे, हे आम्हाला महिनाभराच्या सर्वेक्षणात कळले नव्हते, ते त्या रात्री कळले. पुढच्या सोमवारी सात जणांचे दाखल्याचे कागद घेऊन आम्ही तहसीलला गेलो. दोघांचे काम झाले आहे, पाच अजून लटकलेत.

तरुण मित्र म्हणतात, मोबाइलवर सगळे आहे, विहारात कशाला जमायचे? दिव्या भारती यांचा 'कक्कूस' हा मैला साफ करणाऱ्या कामगारांवरचा तमिळ माहितीपट आठवा. २०१७ मध्ये तमिळनाडूत पोलिसांनी त्याचे खेळ अडवले, मग त्यांनी तो यूट्यूबवर टाकला. एकट्याने मोबाइलवर बघणाऱ्याची व्यवस्थेला काळजी नसते. पन्नास माणसे एका पडद्यापुढे बसून नंतर बोलणार असतील, तर असते.

आक्षेपातला एक भाग आम्ही मान्य करतो. विहार हे थिएटर नाही. तिथे काय दाखवायचे, हे चार शिकलेल्या पोरांनी परस्पर ठरवू नये. आमची पहिली निवड तशीच झाली होती, आणि त्यात एकही बाई नव्हती. आता पाच जणांची निवड समिती आहे, त्यात तीन महिला आहेत, एक कातकरी वाडीतल्या आहेत. त्यांनी पुढच्या वेळी इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' मागितला आहे, बहीणभावाने एकच बुटांची जोडी वाटून घेण्याचा. त्यांना तो कोणी सांगितला, हे आम्हाला ठाऊक नाही. आम्ही नव्हता सांगितला.

खेळ शनिवारी, रात्री साडेसातला. चटई आपापली आणायची. किल्लीचे विचारले तर ते ज्येष्ठ म्हणाले, "मीच उघडतो, सातला येतो." मागच्या वेळी मनीऑर्डर बुडाल्यावर सर्वांत मोठ्याने शिवी हासडली होती ती त्यांनीच.

जय भीम.