वर्णानुक्रमी शब्दशोध

वर्णमालेतील क्रमाच्या आधारे एखादा अज्ञात शब्द थोड्यात थोड्या प्रयत्नांत शोधून काढण्याची रीत. कोशात शब्द पाहणारा प्रत्येक वाचक ही रीत नकळत वापरतो. शब्दकोड्यांच्या एका प्रकारात तीच खेळाचा गाभा ठरते. या प्रकारात कोडे घालणारा एक शब्द गुप्त ठेवतो. सोडविणारा आपल्या मनाने एक शब्द सुचवितो आणि गुप्त शब्द कोशात त्याच्या आधी येतो की नंतर, एवढेच त्यास सांगितले जाते. अर्थाची कोणतीही खूण दिली जात नाही. तरीही काही मोजक्या प्रश्नांत शब्द सापडतो. कारण प्रत्येक उत्तराबरोबर कोशाचा एक भाग कायमचा बाद होतो. कोडे सोडविण्यास लागणारे ज्ञान शब्दार्थाचे नसून क्रमाचे असते. हा क्रम कोडे घालणारा व सोडविणारा या दोघांना सारखाच मान्य असावा लागतो. मराठीत असा सर्वमान्य क्रम घडण्याचा इतिहास बराच लांबचा आहे.

निमेनिम विभागणी : या शोधाचे मुख्य तत्त्व म्हणजे उरलेल्या शब्दांच्या बरोबर मध्यावरचा शब्द सुचविणे. उत्तर कोणतेही आले, तरी निम्मे शब्द वगळले जातात. बुलढाणा जिल्ह्यातील तेरा तालुक्यांची नावे अकारविल्हे लावल्यास पुढील क्रम मिळतो : खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा, बुलढाणा, मलकापूर, मेहकर, मोताळा, लोणार, शेगाव, संग्रामपूर, सिंदखेड राजा. गुप्त नाव ‘लोणार’ आहे असे मानू. आरंभापासून एकेक नाव विचारीत गेल्यास ते दहाव्या प्रश्नाला सापडेल. उलट प्रथम मधले ‘मलकापूर’ विचारल्यास ‘नंतर’ असे उत्तर येते व पुढची सहा नावे उरतात. त्यांतील ‘शेगाव’ विचारल्यास ‘आधी’ असे उत्तर मिळून मेहकर, मोताळा व लोणार ही तीनच शिल्लक राहतात. ‘मोताळा’ विचारताच ‘नंतर’ असे कळते आणि चौथ्या प्रश्नाला लोणार हाती येते. तेरापैकी कोणतेही नाव असले, तरी या रीतीने चारांहून अधिक प्रश्न लागत नाहीत.

शब्दसंख्या वाढली, तरी प्रश्नांची संख्या फार हळू वाढते. दहा प्रश्नांत १,०२३ शब्दांपर्यंतचा आणि सोळा प्रश्नांत ६५,५३५ शब्दांपर्यंतचा संग्रह पिंजून काढता येतो. म्हणजे सुमारे ६०,००० शब्दांच्या कोशातील कोणताही शब्द सोळाव्या प्रश्नाच्या आत सापडलाच पाहिजे. संगणकशास्त्रात या रीतीस द्विभाजन शोध असे म्हणतात. फिलाडेल्फिया येथे १९४६ मध्ये झालेल्या संगणकविषयक व्याख्यानमालेत जॉन मॉकली यांनी तिचे विवेचन केले होते. मात्र कोश चाळणाऱ्यांना ती त्यापूर्वीच अंगवळणी पडलेली होती. रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या प्रास्ताविकात वाचकाला अक्षरांचा क्रम पाठ करण्यास सांगितले असून, शब्दाच्या आद्याक्षरावरून तो ग्रंथाच्या आरंभी पाहावा की शेवटाकडे, हेही समजावून दिले आहे. त्या काळच्या वाचकाला हे शिकवावे लागत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इतिहास : भारतात वर्णमालेचा क्रम फार प्राचीन व शास्त्रशुद्ध आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांप्रमाणे व्यंजनांचे पाच वर्ग पाडलेले असल्यामुळे प्रत्येक वर्णाची जागा मनातल्या मनात काढता येते. असे असूनही जुने कोश या क्रमाने रचलेले नव्हते. अमरकोशाची तीन कांडे विषयवार वर्गांत विभागलेली आहेत. त्यातील अनेकार्थी शब्दांच्या वर्गात वर्णक्रम पाळलेला दिसतो; पण तो शब्दाच्या अंत्य व्यंजनानुसार आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशही राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत रचलेला आहे. हे कोश मुखोद्गत करण्यासाठी होते. ज्याला श्लोक पाठ आहेत, त्याला शब्द शोधावा लागत नाही. त्यामुळे आद्याक्षराच्या क्रमाची निकडही भासत नाही.

ही निकड मुद्रणाबरोबर आली. छापील कोश पाठ नसलेल्या, किंबहुना भाषाही नीट न जाणणाऱ्या वाचकाच्या हाती पडणार होता. विल्यम कॅरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे निघाला. पंडितमंडळींनी सिद्ध केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या व मराठी पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये बाहेर पडला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६०,००० झाले. पुढे य. रा. दाते, चिं. ग. कर्वे प्रभृतींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२–३८ या काळात प्रसिद्ध केले. या ग्रंथांमुळे मराठी वाचकाला आद्याक्षराकडून शब्दाकडे जाण्याची सवय लागली. वर्णानुक्रमी कोडे ज्या सवयीवर उभे आहे ती हीच होय.

शब्दांची दाटी : वर्णमालेचा मध्य आणि कोशाचा मध्य हे एकच नव्हेत. चौतीस व्यंजनांचा मध्य ‘थ’च्या जवळ येतो, परंतु ‘थ’ने आरंभ होणारे शब्द थोडे आहेत आणि ‘ण’ने आरंभ होणारे जवळजवळ नाहीतच. याउलट नकारार्थी ‘अ’मुळे ‘अ’खाली, ‘प्र’, ‘प्रति’, ‘परि’ या उपसर्गांमुळे ‘प’खाली, ‘वि’मुळे ‘व’खाली आणि ‘सं’, ‘सु’, ‘स’ यांमुळे ‘स’खाली शब्दांची गर्दी होते. मोठ्या मराठी कोशाचा मध्य साधारणपणे ‘न’ व ‘प’ यांच्या आसपास पडतो. म्हणून पहिला प्रश्न तेथील शब्दाने करणे फायद्याचे ठरते.

एका अक्षराच्या पोटातही हाच विचार करावा लागतो. बाराखडी संपल्यानंतर जोडाक्षरे येतात. त्यामुळे ‘क्रम’ हा शब्द ‘कौल’च्या पुढे आणि ‘प्रकाश’ हा ‘पोळी’च्या पुढे असतो. ‘प’च्या शब्दांचा मध्य ‘पि’ किंवा ‘पी’जवळ असेल असे मानणारा फसतो, कारण ‘प्र’चा मोठा संच शेवटी उभा असतो. गुप्त शब्द बहुधा नित्य वापरातला निवडला जातो, हेही ध्यानात घ्यावे लागते. केवळ पाने न मोजता प्रचलित शब्दांच्या संख्येचा मध्य साधणे अधिक इष्ट असते.

क्रमाविषयीचे मतभेद : निमेनिम विभागणीत एक धोका आहे. एकदा बाद झालेल्या भागाकडे पुन्हा पाहिले जात नाही. त्यामुळे क्रमाविषयी गैरसमज असल्यास शब्द उशिरा सापडतो असे नव्हे, तो मुळीच सापडत नाही. वर उल्लेखिलेल्या यादीत सिंदखेड राजा शेवटी आहे. जिजाबाईंच्या या जन्मगावाचे नाव ‘शिंदखेड राजा’ असेही लिहिलेले आढळते. कोडे घालणाऱ्याने हे रूप गृहीत धरले असेल, तर ते ‘शेगाव’च्या आधी येते. सोडविणाऱ्याने ‘शेगाव’ विचारून ‘आधी’ असे उत्तर मिळविले, की आपल्या समजुतीनुसार तो हे नाव बाद करतो व पुढचे सर्व प्रश्न वाया जातात. ‘बुलडाणा’ व ‘बुलढाणा’ ही दोन्ही रूपे प्रचारात होती. ड आणि ढ शेजारी असल्यामुळे तेरा नावांच्या यादीत फरक पडत नाही. पण गावांच्या मोठ्या सूचीत पडू शकतो. ग्रंथालयाची तालिका, गावांची सूची वा अभिलेखांची नोंदवही यांत नोंद असूनही ती ‘नाही’ असे सांगितले जाण्याचे हे एक कारण आहे.

मराठीतील मतभेदांची स्थाने मुख्यतः तीन आहेत. पहिले अनुस्वाराचे. मराठी कोशांत अनुस्वारयुक्त अक्षर सामान्यतः आधी घेतात, म्हणून ‘अंक’ आरंभीच भेटतो. संस्कृत कोशांच्या एका परंपरेत अनुस्वाराऐवजी त्या त्या वर्गाचे अनुनासिक मानून ‘अङ्क’ हा ‘ङ’च्या जागी देतात. दुसरे लेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले लेखनविषयक नियम रूढ झाल्यावर अनुच्चारित अनुस्वार गेले. मोल्सवर्थच्या कोशात ‘नांव’ (अभिधान) व ‘नाव’ (होडी) हे शब्द वेगवेगळ्या जागी आहेत. आजच्या लेखनात दोन्ही एकरूप झाले आहेत. जुना कोश हाताळणाऱ्याने ‘नांव’ हा शब्द ‘नाक’च्या आधी पाहावयास हवा. तिसरे स्थान ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचे. मराठी वर्णमालेत हे वर्ण ‘ह’नंतर म्हटले जातात, तर हिंदी कोशांत ‘क्ष’ व ‘ज्ञ’ अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या जोडाक्षरांत येतात.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली. तीत ‘ॲ’ व ‘ऑ’ धरून १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही २ विशेष संयुक्त व्यंजने मिळून ५२ वर्ण आहेत. तथापि संगणकातील युनिकोड या संकेतप्रणालीत, जिच्यात १९९१ पासून देवनागरीचा समावेश आहे, ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. ‘क्ष’ला स्वतंत्र संकेतांक नसून तो ‘क्’ व ‘ष’ यांनी बनतो. ‘ॲ’ला २००८ मध्ये मिळालेला संकेतांक तर ‘ह’च्याही पुढचा आहे. मराठीसाठी वेगळी क्रमयोजना न करता केवळ संकेतांकांनुसार शब्द लावल्यास ‘क्षमा’ ‘क’मध्ये जाते आणि ‘ॲ’ने आरंभ होणारे शब्द अगदी शेवटी जातात.

दैनिक कोडी : रोज एक नवे शब्दकोडे सोडविण्याची आवड वृत्तपत्रांनी वाढविली. आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये सर्वांस खुला केलेल्या ‘वर्डल’ या खेळाने एका दिवशी सर्वांना एकच गुप्त शब्द देण्याची प्रथा जगभर लोकप्रिय केली. आधी-नंतर सांगणारी वर्णानुक्रमी कोडीही आता याच दैनिक स्वरूपात खेळली जातात. इंग्रजीत सव्वीस अक्षरांचा एकच ठराविक क्रम असल्याने तेथे दाटीचा अंदाज पुरेसा होतो. मराठीत प्रथम कोड्याचा क्रम कोणता आहे हे ओळखावे लागते. त्यासाठी आरंभीचा एखादा प्रश्न खर्च करणेही श्रेयस्कर असते, उदा., ‘हौस’ या शब्दास ‘नंतर’ असे उत्तर आल्यास ‘ह’ची जोडाक्षरे आणि ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी मानले असल्यास त्यांचे शब्द एवढेच उरतात. संशयास्पद सीमेवरचा शब्द न विचारता तिच्यापासून थोडा दूरचा शब्द विचारणे हा दुसरा उपाय होय. अशा रीतीने एखादा प्रश्न वाढला, तरी हरवलेला शब्द परत मिळण्याची वाट खुली राहते.