नागपूरचा हिशेबनीस आणि तबल्याची शाई

१९१० मध्ये सरकारी अर्थखात्याचा एक तरुण अधिकारी रंगूनहून बदली होऊन नागपुरात आला. वय एकवीस-बावीस. नाव चंद्रशेखर वेंकट रामन. वर्षभरात तो पुन्हा कलकत्त्याला गेला आणि नोकरी सांभाळून प्रयोग करत राहिला. १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे टिपण आले, ते होते आपल्या चर्मवाद्यांवर. नोबेल मिळायला अजून दहा वर्षे होती.

प्रश्न साधा होता. ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की अनेक कंपने एकदम उठतात, पण त्यांचे एकमेकांशी जमत नाही. मूळ कंपन एक धरले तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० पटींनी येतात. म्हणून ढोल नुसता ‘धम्म’ करतो. मग तबल्यातून स्पष्ट सूर कसा निघतो? रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्या पाहिल्या आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडले, की पहिली नऊ कंपने पाच सुरेल स्वरांत गोळा होतात. हे घडवते मधली काळी शाई.

ही शाई म्हणजे एकदा फासलेला रंग नव्हे. पीठाच्या खळीत लोखंडाची पूड आणि काजळी मळून पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, मग पुढचा थर. घासताना तिला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या हव्याच असतात. त्या नसतील तर शाई ताठ होईल, कातडे हलणारच नाही. कुठल्या थराला थांबायचे हे कारागिराचा कान ठरवतो. समीकरण नंतर आले.

नागपुरात तबला बाळगणाऱ्याला हवामानाशीही वाजवावे लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, कातडे आवळते, तबला चढतो. गठ्ठे सैल केले नाहीत तर एखाद्या दुपारी पुडी फाटते. आषाढात तोच तबला उतरतो. मोठा फरक गठ्ठे ठोकून काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर हातोडीने. वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो. एक घर मिळाले की समोरचे तपासायचे, नाहीतर चाट एकीकडे एक बोलते, दुसरीकडे दुसरे.

विदर्भातल्या डफड्याला ना गठ्ठा, ना शाई. ते शेकोटीवर तापवायचे, टणक बोलले की वाजवायचे, ढिले पडले की पुन्हा आगीजवळ. पण ते कोणी वाजवायचे हे जातीने ठरलेले होते. मेलेली गुरे ओढणे आणि गावासाठी वाजवणे ही कामे ज्यांच्यावर लादली होती, त्यांनी ती सोडणे हा आंबेडकरी चळवळीचा भाग होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यानंतर अनेक गावांत डफडे खाली ठेवले गेले ते कायमचेच. त्याच वस्त्यांत ढोलकी मात्र भीमगीतांसाठी उचलली गेली. वाद्य दोन्हीकडे कातड्याचेच. फरक एवढाच, की ही आपल्या मर्जीने वाजत होती.

रामन यांनी १९२२ मध्ये प्राचीन हिंदूंच्या ध्वनिज्ञानावर लेख लिहिला. मला तो ‘प्राचीन’ शब्द खटकतो. शाई घासणारे हात प्राचीन नव्हते, त्यांच्याच काळात, त्यांच्याच शहरात काम करत होते. ज्यांनी कातडे कमावले त्यांना विटाळ मानले आणि ज्ञानाचे श्रेय दूरच्या पूर्वजांना दिले, असा हा व्यवहार आहे. मृदंग बनवणाऱ्यांवर टी. एम. कृष्णा यांचे ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ यायला २०२० उजाडले, रामन यांच्या टिपणाला शंभर वर्षे झाल्यावर.

आज नटबोल्टची ढोलकी मिळते, पान्याने दोन मिनिटांत सुरात येते, आणि भर पावसातल्या मिरवणुकीत मी तिलाच पसंती देईन. तबल्याची शाई झिजली की मात्र पुडी घेऊन कारागिराकडेच जावे लागते. तो आधी बोटाने टिचकी मारतो, कान वाकडा करून ऐकतो, आणि मग दर सांगतो.