शेवटची ओळ आणि पहिली चूक : सोर्समधून लिनक्स उभारणाऱ्यांचा इतिहास

१/ जुना कागद हाती आला की इतिहासाचा अभ्यासक आधी विचारतो : हा साक्षीदार कोण, आणि त्याने प्रत्यक्ष काय पाहिले? मूळ सोर्स कोडमधून लिनक्स उभारणारे हाच प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ कंपायलरच्या एरर-संदेशांना विचारत आले आहेत. त्यांतील तीन प्रकरणांचा हा थ्रेड.

२/ प्रथम पार्श्वभूमी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ मध्ये त्यांचा जीसीसी कंपायलर प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची वार्ता दिली, तेव्हा तिच्यावर जीसीसी १.४० चालतो हेही आवर्जून सांगितले. कारण उघड होते. सोर्स सर्वांना खुला असला, तरी तो बिल्ड होत नसेल तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहते.

३/ पहिले प्रकरण : सिग्नल ११. १९९० च्या दशकात कर्नल कंपाइल करताना अनेकांचा जीसीसी मध्येच कोसळे आणि मागे ‘सिग्नल ११’ एवढीच खूण ठेवी. प्रोग्रॅमने मेमरीतील निषिद्ध पत्त्याला हात लावला, असा तिचा अर्थ. साहजिकच संशय कंपायलरवर जाई.

४/ उलगडा एका साध्या प्रयोगाने होत असे. तीच आज्ञा पुन्हा द्यायची. कोड तोच, कंपायलर तोच. तरीही बिल्ड दर वेळी निराळ्या फाइलवर थांबत असेल, तर दोष बहुधा हार्डवेअरचा : सदोष रॅम, किंवा तापलेला वा मर्यादेबाहेर पळवलेला प्रोसेसर. मेमरीतील एक बिट उलटला, तरी पत्ता चुकतो. दर वेळी एकाच ओळीवर थांबत असेल, तरच कोड किंवा कंपायलर तपासायचा.

५/ दुसरे प्रकरण घराण्यातील दुहीचे. जीसीसीचा विकास मंदावला म्हणून १९९७ मध्ये काही विकासकांनी ‘ईजीसीएस’ ही वेगळी शाखा काढली. एप्रिल १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसीचा मान मिळाला आणि जुलैत २.९५ आवृत्ती आली.

६/ सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७ सोबत आला ‘जीसीसी २.९६’. अशी अधिकृत आवृत्ती नाही आणि कधी येणारही नाही, असे जीसीसीच्या सुकाणू समितीने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. कर्नल बिल्ड करण्यासाठी रेड हॅटने ‘केजीसीसी’ नावाचा जुना कंपायलर वेगळा दिला होता. तो न वापरणाऱ्याला आपल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसावे लागे. म्हणून एरर वाचण्याआधी कंपायलरची आवृत्ती विचारावी.

७/ तिसरे प्रकरण २०२० चे. मे महिन्यात जीसीसी १० आला आणि वर्षानुवर्षे सुरळीत बिल्ड होणारे प्रकल्प ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणत थांबू लागले. एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत ‘एक्स्टर्न’ शब्दाविना लिहिले, तरी जुना जीसीसी त्यांना मुकाट्याने एकत्र करू देई. नव्याने ती सवलत काढून घेतली.

८/ कोडचे एक अक्षरही बदलले नव्हते; बदलला होता कायदा. खरा उपाय असा : हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहावे आणि व्हेरिएबलची व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवावी. ‘-एफकॉमन’ हा पर्याय देऊन जुनी सवलत परत मिळते. पण ती तात्पुरती मलमपट्टी.

९/ या साऱ्यांतून वाचनाची एक शिस्त घडली. ‘मेक’ अनेक कामे एकाच वेळी चालवत असेल, तर शेवटची ओळ केवळ परिणाम सांगते. मूळ चूक बरीच वर दडलेली असते. म्हणून एकेक काम चालवून पुन्हा बिल्ड करावे आणि पहिला एरर गाठावा. ‘कॉन्फिगर’ अडले, तर पडद्यावरील त्रोटक वाक्यावर न थांबता ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावा. अस्सल साक्ष तिथे असते.

१०/ १९९९ मध्ये जेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेला ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथ हीच शिस्त शिकवतो : आधी तात्पुरती हत्यारे घडवा, मग त्यांनी अंतिम प्रणाली, म्हणजे जुन्या यंत्रणेचे अवशेष नव्यात शिरत नाहीत. जीसीसी तर स्वतःला तीनदा घडवतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील फाइली ताडून पाहतो. फरक निघाला, तर बिल्ड नामंजूर. पोथीच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद शोधणाऱ्या संशोधकाला ही रीत परकी वाटणार नाही.